खट्: एका फोर-बाय-फोर गाडीचे श्रवणवर्णन

फोर-बाय-फोर गाडी, म्हणजे जिच्या इंजिनाची ताकद चालकाशेजारचा एक दांडा ओढताच मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही मिळते अशी गाडी, ही आवाज निर्माण होण्याच्या जागांच्या बाबतीत साध्या गाडीपेक्षा बरीच श्रीमंत असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत ताकद गिअरबॉक्समधून एका प्रोपेलर शाफ्टवाटे, म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या फिरत्या लोखंडी नळीवाटे, मागच्या डिफरन्शियलकडे जाते आणि तेथे तिची दोन चाकांत वाटणी होते. फोर-बाय-फोरमध्ये मात्र गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी, तिच्यातून पुढे जाणारा दुसरा शाफ्ट, दुसरे डिफरन्शियल आणि त्या सगळ्यांचे सांधे, बुश व बेअरिंगे यांची भर पडत असल्याने, अशा गाडीच्या मालकाला एखादा ठोका ऐकू आला तर त्याच्या संशयितांची यादी आपोआप दुप्पट होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्या चालवणाऱ्या सैनिकांना हा प्रश्न फारसा पडला नसावा, कारण रणांगणावर आवाजाला इतर कारणे पुष्कळ होती. पुण्यातील निवांत वस्तीत राहणाऱ्या मालकाला तशी सोय नसते.

प्रस्तुत प्रवासातील गाडी अशीच एक, बऱ्याच वयाची आणि मागे पाट्यांवर बसवलेली होती (पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). तिच्यातून कधीकधी ‘खट्’ असा एक आवाज येत असे. गाडीत चौघे होते. मालक स्वतः चालवत होते. त्यांच्या शेजारी त्यांचे मेहुणे होते, ज्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण मोबाइलवरील चित्रफितींतून घेतले होते आणि जे त्या बळावर प्रत्येक बिघाडाचे मूळ डिफरन्शियलमध्ये शोधत असत. मागे लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले काका होते, जे मोजता येईल तेवढेच खरे मानत, आणि त्यांच्या समोरच्या आडव्या बाकावर, बरोबर मागच्या धुऱ्याच्या डोक्यावर, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आत्याबाई होत्या. मालकांच्या पत्नीने आवाज जाईपर्यंत गाडीत पाय न ठेवण्याचे जाहीर केले असल्यामुळे त्या घरी होत्या.

निघण्यापूर्वी गाडी एका सेवा केंद्रात दाखवण्यात आली होती. तेथील तंत्रज्ञाने ती आवारात एक चक्कर फिरवून कागदावर ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा मारला आणि पावसाळा तोंडावर आहे म्हणून गाडीला खालून गंजरोधक काळे कोटिंग मारून घेण्याचा सल्ला दिला, जो मालकांनी मानला. बिघाडाचा आवाज मेकॅनिकसमोर गप्प बसतो हा वाहनधारकांचा जुना अनुभव असून त्यामागे गाडीचा खट्याळपणा नसून साधे बलशास्त्र आहे. एकट्या तंत्रज्ञाला घेऊन सपाट फरशीवर फिरणारी गाडी आणि चार माणसे, सामान व फराळाचे डबे घेऊन घाट चढणारी गाडी यांचे पाटे वेगवेगळे दबतात, धुरा वेगळ्या उंचीवर येतो, शाफ्टची तिरप आणि लांबी बदलते, आणि तपासली जाते ती जवळजवळ दुसरीच गाडी.

पुण्याहून महाबळेश्वरला जाण्याचा सरळ रस्ता वाईवरून, सुमारे १२० किलोमीटरचा आहे. परंतु फोर-बाय-फोरवाल्याने सरळ रस्त्याने जाणे हे मालकांच्या मते गाडीचा अपमान करणारे असल्याने, ताम्हिणी घाटाने कोकणात उतरून माणगाव, महाड, पोलादपूर असे करीत आंबेनळी घाटाने पुन्हा वर चढण्याचे ठरले. आवाज ऐकू यावा म्हणून सर्व काचा उघड्या ठेवण्याचा नियम झाला. भर जुलैमध्ये हा नियम पाळल्यामुळे या प्रवासात निसर्ग पाहिला कमी गेला आणि अंगावर जास्त आला.

पिरंगुटला पहिला मेकॅनिक भेटला. त्याने गाडी जॅकवर घेऊन पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश, म्हणजे धातूवर धातू आपटू नये म्हणून मध्ये बसवलेली रबराची नळकांडी, झिजल्याचे दाखवले, आणि ते खरोखरच झिजलेले होते. बुश बदलल्यावर मालकांना आवाज निम्म्याने कमी झालेला वाटला. पैसे मोजल्याबरोबर कानांत पडणारा हा फरक पुढच्या गतिरोधकापर्यंत टिकतो.

मुळशीच्या जलाशयाकाठी गाडी थांबली ती जलाशय पाहण्यासाठी नव्हे. काकांनी तोवर एक पद्धत तयार केली होती आणि ती चुकीची नव्हती. या गाडीच्या टायरचा घेर सुमारे २.३ मीटर असल्याने ताशी ३० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे २१५ फेरे घेते, आणि डिफरन्शियलचे प्रमाण साधारण चारास एक असल्यामुळे शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो. तेव्हा ठोके घड्याळ लावून मोजले तर दोषी चाक आहे की शाफ्ट हे गाडीखाली न शिरताच कळावे. आत्याबाई याच सुमारास मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहाची आणि सेनापती बापटांची हकिकत सांगू लागल्या होत्या. गाडी सुटली, खट् झाले, आणि मालक म्हणाले, “आत्या, एक मिनिट. आवाज ऐकू द्या.” त्यानंतर काकांनी पापणी न लवता घड्याळाकडे पाहत मोजले. एकूण ठोके शून्य. शून्याला कशानेही भागले तरी शून्यच येते, या कारणास्तव काकांनी प्रयोग अनिर्णित म्हणून नोंदवला. वस्तुतः हा निकाल मोलाचा होता, कारण वेगाबरोबर न येणारा ठोका हा फिरत्या भागाच्या झिजेचा सहसा नसतो. परंतु ‘काही घडले नाही’ हीही माहिती असते हे उत्साही माणसाला पटत नाही.

ताम्हिणीत धबधब्यांखाली भिजणाऱ्या मंडळींच्या गर्दीतून, ओल्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून, मेहुण्यांच्या आग्रहावरून दांडा ओढून चारही चाके जोडण्यात आली. घाट संपला, विळे आणि निजामपूर मागे पडले, ऊन पडले, रस्ता वाळला, आणि दांडा तसाच राहिला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते, पण जुन्या पद्धतीच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जात असल्याने दोघांना समान फेरे घ्यावेच लागतात. चिखलात चाक थोडे घसरून हा हिशेब मिटवते, तर कोरड्या डांबरावर त्याला घसरता येत नाही, ताण सगळ्या दांड्यांमध्ये पिळासारखा साठत जातो आणि शेवटी टायर उडी मारून तो सोडतात. माणगावच्या बाजारपेठेत गाडी वळवताना नेमके हेच झाले. गाडी ठेचकाळत, धाड धाड करीत वळू लागली, दुकानदार बाहेर आले, आणि मेहुणे विजयी स्वरात म्हणाले, “दाजी, मी म्हटलं नव्हतं? डिफरन्शियल!”

समोरच्या पंक्चरवाल्याने हातातील टायर खाली न ठेवता हे सोडवले. “दांडा मागं टाका,” तो म्हणाला. दांडा जागचा हलेना. “तसा नाय येणार. गाडी सरळ मागं घ्या थोडी, मग सोडवा.” गाडी दोन हात मागे गेली, पीळ सुटला आणि दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला. पंक्चरवाल्याने शिष्टाचार म्हणून चाकाच्या खाचेत अडकलेला एक खडाही काढून दिला, जो मालकांनी पुरावा म्हणून डॅशबोर्डवर ठेवला. मंडळी आनंदात निघाली आणि निघताक्षणी खट् झाले. प्रवाशांनी स्वतः भर घातलेला आवाज गेला होता, मूळचा शाबूत होता.

महाडविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. तेथील वेल्डिंगवाल्याला आवाज सायलेन्सरचा वाटला, कारण वेल्डिंगवाल्याला तो दुसऱ्या कशाचा वाटून उपयोग नसतो, आणि त्याने सायलेन्सरचा एक कान डकवून दिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते याच गावात आहे हे सांगण्यास आत्याबाईंनी सुरुवात केली. गाडी सुटली, खट् झाले, आणि त्यांना पुन्हा एक मिनिट थांबण्यास सांगण्यात आले. हे मिनिट पोलादपूरपर्यंत चालले.

पोलादपूरला एक वडापवाला भेटला. वडाप म्हणजे ठरलेल्या भाड्यात मिळतील तेवढे प्रवासी भरून गावोगाव धावणारी खाजगी जीप. ती चालवणाऱ्याचे कान रोजच्या सरावाने तयार होत असल्याने त्याचे मत हलक्यात घेऊ नये. त्याने चालकाच्या जागेवर बसण्यास नकार दिला, मागे आत्याबाईंशेजारी बसला आणि एवढेच म्हणाला, “चालवणाऱ्याला कळत नाय, साहेब. आवाज मागून हाय.” मेहुण्यांनी ‘मागून’ याचा अर्थ डिफरन्शियल असा लावला. आंबेनळीच्या वळणांवर धुक्यातून क्षणभर प्रतापगड दिसला, तेव्हा १६५९ सालच्या भेटीचे अर्धे वाक्य झाले होते. पुढे महाबळेश्वरात धुके इतके होते की पाहण्यासारखे काही उरले नव्हते, आणि गाडी हॉटेलच्या आवारात उभी असल्याने ऐकण्यासारखेही.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट उतरून गाडी वाईत आली, जेथून मराठी विश्वकोशाचे काम चालत आले आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा विद्वान ज्याच्या मुळाशी होता. आत्याबाई आता काही बोलल्याच नाहीत. गावाबाहेरच्या गॅरेजमधील वयस्कर मेकॅनिकने तिघांचे तीन सिद्धांत हात पुसत ऐकून घेतले आणि विचारले, “ते ऱ्हाऊ द्या. कवा येतो आवाज?”

पिरंगुटपासून प्रत्येकाने आवाज कुठून येतो हे विचारले होते. केव्हा येतो हे कोणी विचारले नव्हते, त्यामुळे तिघे पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर मागच्या बाकावरून आले. “गाडी थांबून पुन्हा निघाली की एकदा,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि घाटात जोराचा ब्रेक लावून पुन्हा वेग घेतला की एकदा. एरवी नाही. माझं वाक्य दर वेळी तिथेच तुटतं, म्हणून मला पाठ आहे.”

मेकॅनिकने मान डोलावली, चाकांना दगड लावले, पोते पसरून तो खाली सरकला आणि शाफ्ट हाताने पिळून पाहिला. शाफ्टच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरता फिरता वाकू देणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे सांधे, घट्ट होते. मग त्याने शाफ्टच्या सरकत्या सांध्यावर खडूने एक रेघ ओढली. धुरा वरखाली झाला की शाफ्टला लांब-आखूड व्हावे लागते, म्हणून तो एकात एक बसणाऱ्या दोन भागांचा केलेला असतो. त्यांना लांबट खाचा असतात, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, आणि त्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असाव्या लागतात. “आता तुमी दोगं मागच्या पायरीवर नाचा,” खालून सूचना आली. काका आणि मेहुणे, ज्यांच्या मतांचा आतापर्यंत उपयोग झाला नव्हता, त्यांच्या वजनाचा झाला. ते उड्या मारू लागले, पाटे दबले, रेघ जागची हलली नाही. आणखी एक उडी, आणि रेघ दुभंगून तिचे दोन तुकडे सुतभर लांब गेले. खट्.

गाडी थांबताना नाक खाली जाते, मागचा भाग उचलला जातो आणि कोरडा सांधा नको त्या लांबीला अडकून बसतो. निघताना जोर आला की तो झटक्याने सुटतो. सांध्याला ग्रीस भरण्यासाठी निपल, म्हणजे ग्रीसच्या पिचकारीचे तोंड बसेल अशी बोंडी, असते. येथे ती दिसत नव्हती. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने काळा थर खरवडला, तेव्हा त्याखालून ती निघाली, आतून आधीच गंजाने बुजलेली आणि वरून नव्या कोटिंगने कायमची झाकलेली. “कोटिंग लई झ्याक मारलंय,” तो म्हणाला. बिस्किटाच्या डब्यातून त्याने दुसरे निपल शोधून बसवले आणि सांध्याच्या कडेतून आधी तांबूस, मग काळे आणि शेवटी स्वच्छ पिवळे ग्रीस बाहेर येईपर्यंत पिचकारी दाबली. याचे जे पैसे झाले त्यांपेक्षा त्या वेळात समोरच्या टपरीवर झालेले चहाचे बिल मोठे होते.

परतीच्या वाटेवर साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते आणि बोगद्याच्या भिंती गाडीच्या पोटाखालचा प्रत्येक आवाज परत पाठवत असल्याने अशा तपासणीला त्याहून चांगली जागा नाही. काचा उघडून, आधी जाणूनबुजून थांबून आणि पुन्हा निघून, मंडळी त्यातून गेली. टायरांचा घोष तेवढा ऐकू आला. बाहेर आल्यावर मेहुण्यांनी असे निदर्शनास आणले की शाफ्टचे मागचे टोक डिफरन्शियललाच जोडलेले असते, त्यामुळे त्यांचे निदान साधारण दीड हातानेच चुकले होते, आणि काकांनी बुश व वेल्डिंग यांचा खर्च ‘संबंधित नाही’ या सदराखाली टाकला. आत्याबाईंना सन्मानाने पुढची जागा देण्यात आली होती. त्यांनी मुळशीपासून सुरुवात केली आणि शिरवळपर्यंत त्यांना कोणीही अडवले नाही, त्यामुळे विश्वकोश पुण्यात पोहोचेपर्यंत आलाच नाही.

आठवड्याभराने सेवा केंद्रातून मालकांना फोन आला. आवाजाबाबत त्यांचे समाधान झाले आहे का, अशी चौकशी करून आणि झालेली हकिकत ऐकून, वाईत खरवडले गेलेले कोटिंग तेवढ्याच जागी सवलतीत पुन्हा मारून देण्याची तयारी तेथील मुलीने दाखवली.