साडेचारशे वॉटांची सनद

संगणकाच्या पेटीत जो एक चौकोनी लोखंडी डबा भिंतीतील २३० व्होल्टांची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टांत रूपांतर करतो, आणि ज्याला शिकलेले व न शिकलेले सारेच एकमुखाने ‘एसएमपीएस’ म्हणतात, त्याच्या क्षमतेची चौकशी करण्याची बुद्धी आपल्याकडे सहसा कोणाला होत नाही. आणि झालीच, तर ती चिरंजीवांनी नव्या ग्राफिक्स कार्डाची दरखास्त तीर्थरूपांच्या दप्तरी दाखल केल्यानंतरच होते. दरखास्तीत अभ्यासाचा उल्लेख असतो, त्रिमितीय आरेखनाचा असतो, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचाही असतो. खेळांचा मात्र चुकूनही नसतो. “अरे, पण जुन्या एसएमपीएसला हे झेपेल का?” एवढीच हरकत तीर्थरूप घेतात. चिरंजीव पेटीची बाजूची फळी काढून डब्यावर चिकटवलेला कागद दाखवतात, त्यावर ठळक अक्षरांत ४५० हा आकडा असतो, आणि चौकशीचे काम तिथेच तहकूब होते. कारण छापील आकड्यावर संशय घेणे हे आमच्या मध्यमवर्गाच्या संस्कारात बसत नाही.

वास्तविक त्याच कागदावर, ठळक आकड्याच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत खरा तपशील दिलेला असतो. विवाह ठरवताना वरपक्ष मुलाचे उत्पन्न सांगतो तेव्हा त्यात वडिलांचे निवृत्तिवेतन, गावच्या शेतीचा खंड आणि अजून न मिळालेली बढती हे सारे जसे मिळवलेले असते, तसे त्या ४५०मध्ये ३.३, ५ आणि १२ अशा सर्व व्होल्टांचे हिशेब मिळवलेले असतात. पुष्कळदा तर तो आकडा वॉटांचा नसून त्या डब्याच्या मॉडेलचे केवळ नाव असतो, आणि नावाबद्दल कोणावर दावा लावता येत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उपजीविका जवळजवळ सर्वस्वी १२ व्होल्टांवर चालते. त्या रकान्यात समजा १६ अँपिअर लिहिले असतील, तर गुणाकार करून पाहावा: १९२ वॉट. बाकीची सारी दौलत कागदावरची.

आता मागणीकडे पाहू. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॉटांचे. त्यातले ७५ वॉटांपर्यंत ते मदरबोर्डाच्या खाचेतून घेऊ शकते, आणि बाकीच्यासाठी आठ पिनांची स्वतंत्र जोडणी मागते, जिची मर्यादा १५० वॉट. सोबतचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर आपला मूळ आहार ६५ वॉट म्हणून नोंदवतो, आणि त्याच तक्त्यात, किंचित खाली, कामाचा जोर वाढल्यास ११७ वॉटांपर्यंत जाण्याची मुभा स्वतःकडे राखून ठेवतो. मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे यांना साठेक वॉट दिले, तर एकूण बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. कार्डाची कंपनी मात्र ५५० वॉटांच्या डब्याची शिफारस करते. हा अतिरेक वाटेल. पण गिऱ्हाइकाच्या घरी कोणत्या कुळातला डबा असेल हे तिला ठाऊक नसते, त्यामुळे पुरवठादाराची अतिशयोक्ती गृहीत धरून ती आपल्या मागणीतही तेवढी भर घालते. आमच्या सरकारी खात्यांतील अंदाजपत्रके याहून निराळ्या रीतीने तयार होत असल्याचे ऐकिवात नाही.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे महापालिकेच्या दप्तरी ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे त्या रस्त्यावर, या साऱ्या त्रैराशिकाला एकच उत्तर मिळते: “चालून जाईल, साहेब.” जुन्या डब्याला आठ पिनांची तार नसेल तरी अडत नाही, साटाच्या तारेला लावायची एक अल्प किमतीची जोडतार गल्ल्याखालून बाहेर येते. साटाच्या जोडणीतील १२ व्होल्टांच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकंदर ५४ वॉट देण्यास बांधील. तिच्याकडून १५० वॉटांची वसुली करण्याचा हा बेत पेंढारी अंमलातही जुलमी ठरला असता.

त्यानंतर जे घडते त्यात डब्याच्या शीलाची परीक्षा होते. चांगला डबा मर्यादेपलीकडचा भार आला की आपण होऊन बंद पडतो. ऐन लढाईत पडदा काळा झालेला पाहून चिरंजीव त्याला ‘फॉल्टी’ ठरवतात आणि त्याच्या बडतर्फीची मागणी करतात. वाईट डबा कधीही नकार देत नाही. तो हसतमुखाने सारे मान्य करतो, तापतो, घाण वास सोडतो, आणि जाताना पुष्कळदा मदरबोर्डालाही सती नेतो. परंतु अखेरच्या क्षणापर्यंत त्याच्याविषयी कोणाची तक्रार नसते.

२००४ पासून चालत आलेल्या ‘एटी प्लस’ या प्रमाणपत्राचाही येथे उल्लेख केला पाहिजे. डबा ८० टक्के कार्यक्षम असेल, तर ५०० वॉट देण्यासाठी तो भिंतीतून ६२५ घेतो आणि उरलेल्या १२५ वॉटांनी खोली तापवतो. ही नासाडी किती कमी, हे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पदव्या सांगतात. डब्यात संरक्षणाची व्यवस्था कशी आहे, याविषयी त्या मौन पाळतात. पण सोन्याचे नाव निघाल्यावर आमच्या घरांत पुढची चौकशी करणारा माणूस अरसिक ठरतो.

केवळ स्वस्ताईच दोषी आहे असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या, ४५० वॉटांच्या आरटीएक्स ४०९० या धनिकांच्या कार्डाला सहाशे वॉट वाहण्यास समर्थ अशी बोटभर जोडणी दिली होती. १२ व्होल्टांवर सहाशे वॉट म्हणजे ५० अँपिअर, आणि ते केवळ सहा पिनांतून. काही ठिकाणी ती वितळली. कंपनीची कैफियत अशी, की ग्राहकांनी ती पुरती आत खोचली नव्हती. पुढच्या वर्षी मात्र जोडणीच्याच रचनेत दुरुस्ती झाली.

घरची दरखास्त अखेर मंजूर होते. कार्डासाठी रक्कम मिळते. शिवाय ते दिसावे म्हणून काचेच्या भिंतीची नवी पेटी आणि रंगीत दिव्यांचे पंखे यांचीही तरतूद निघते. नव्या एसएमपीएसचा विषय पुढील आर्थिक वर्षावर ढकलला जातो, कारण नव्या पेटीत त्याची नेमणूक तळच्या झाकलेल्या कप्प्यात आहे, आणि तेथे त्याला पाहुण्यांपैकी कोणी पाहणार नाही. दिव्यांची तार त्याच डब्याला जोडलेली आहे, ही गोष्ट दरखास्तीत नमूद नव्हती.