करवंटी

आमचं गाव वरवे बुद्रुक. सातारा रस्त्यावर, खेड शिवापूरच्या पुढे. बुद्रुक मुद्दाम लिहितो, कारण शेजारी खुर्दही आहे आणि त्यांच्याकडे भजनाला पेटी नवी आहे.

बायकोचे चुलते ग्वाल्हेरला, लश्करमध्ये असतात. कण्हेरखेडच्या शिंद्यांमागे साताऱ्याकडून जी घराणी तिकडे गेली, त्यांतलं एक. काकांचं मराठी ऐकावं असं. "जावईबापू, झेलमने थकून आलात, जरा आराम करून घ्या, फिर निघूच." आराम दहा मिनिटांचा. मग तानसेनाच्या समाधीपाशी नेऊन त्यांनी मला चिंचेचा पाला खायला लावला. त्याने गळा गोड होतो म्हणे. मी अकरा पानं खाल्ली. दात आंबले.

दुसऱ्या दिवशी सरोद घर. उस्ताद अमजद अली खाँ यांच्या वाडवडिलांचं घर, त्याचंच संग्रहालय केलेलं. "एकाच वाद्याचं?" मी विचारलं. आमच्याकडे मारुतीच्या देवळातल्या एका कपाटात पेटी, पखवाज, टाळ, गणपतीची लायटिंग आणि मतदार यादी असं सगळं सुखाने नांदतं. काका म्हणाले, "नाव एकाचं. पण पिढ्या मोजा."

बंगश घराणं मूळचं अफगाणिस्तानातलं. येताना रबाब घेऊन आलं. रबाबाला आतड्याच्या तारा आणि लाकडी पट्टी, त्यामुळे स्वर टपकन पडायचा आणि तिथेच बसायचा. पुढे तारा धातूच्या झाल्या, पट्टीवर पोलादी पत्रा आला, आणि स्वराला घसरायला जागा मिळाली. सतारीसारखे पडदे नाहीतच. डाव्या हाताच्या नखाच्या कडेने तार दाबायची आणि त्या गुळगुळीत पत्र्यावरून घसरत जायचं. कुठे थांबायचं हे सांगणारं कोणी नाही. असला रस्ता आमच्याकडे पावसाळ्यात होतो, पण त्याचा राग होत नाही, येतो.

काचेआडचे सरोद बघता बघता मी पाट्यांवरची नावं सोडून सामानावरच अडकलो. खोड सागवानाचं किंवा तुणीचं. पोटावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. पोलादी पत्रा. आणि तार छेडायला जवा, तो चक्क नारळाच्या करवंटीचा! माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. सागवान आमच्या बांधाला आहे. बकरं दर रविवारी. पत्रा फॅब्रिकेशनवाल्याकडे. करवंट्या तर देवळामागे ढिगाने. एवढं सामान घरात असून आम्ही इतकी वर्षं नुसतं मटण खाल्लं आणि बंब पेटवला.

काकांनी मग अमजद अलींच्या वडिलांची, हाफिज अली खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. त्यांना 1960 साली पद्मभूषण मिळालं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी विचारलं, काही हवंय का? खाँसाहेब म्हणाले, दरबारी कानड्याचं शुद्धपण तेवढं राखा, लोक वाट्टेल तसा गातात. आमच्या वरव्याचा कोणी तिथे असता तर त्याने सर्व्हिस रोड मागितला असता, वर भाच्याला नोकरी. मी काकांसमोर हसलो, पण मनातल्या मनात मीही सर्व्हिस रोडच मागितला होता.

गावी परतल्यावर पहिलं काम जव्याचं. कोयत्याने करवंटी फोडली, पॉलिश पेपरने घासली. तिसऱ्या करवंटीला अंगठा कापला, चौथीला बायको म्हणाली, "अहो, बंबात मग काय घालू? तुमचा सरोद?" सरोद अर्थात नव्हताच. पाचव्या करवंटीतून जवा निघाला. निदान काकांनी फोटो पाहून "जवा" असंच म्हटलं.

पुढच्या महिन्यात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणेकऱ्याच्या पाया म्हातारी माणसंही पडतात, मग तो पोरगा का असेना. माझा पहारा रात्री दोन ते चार. देवळात मी, मारुती आणि पायरीवर एक कुत्रं. वीणा बोटाने छेडायची असते हे मला माहीत आहे. पण खिशात जवा होता, आणि अकरा पानांचा काही तरी उपयोग झाला असेल असं वाटत होतं. नाम चालू ठेवून मी एकदाच तो तारांवरून ओढला.

कुत्रं उठून बाहेर गेलं. मारुतीला जाता येत नव्हतं.