हिवाळी गिऱ्हाईक

दिवाळीचा फराळ संपून हवेत गारवा आला, की पुण्याच्या कडेकडेनं, वाकड-ताथवड्यापासून मोशीपर्यंत, रविवारी सकाळी एक काका हिंडताना दिसतात. डोक्याला कानटोपी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात टेप. मागे काकू. काकांना फ्लॅट घ्यायचाय. गेल्या हिवाळ्यातही घ्यायचाच होता.

घर थंडीतच बघावं, हा त्यांचा सिद्धान्त. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन मिळतं, उत्तरेच्या बाल्कनीत टॉवेलसुद्धा धड वाळत नाही. यात खोट काढायला जागा नाही. पंचाईत एवढीच, की दक्षिण दिशा त्यांच्या वास्तुशास्त्रात बसत नाही.

सॅम्पल फ्लॅटमध्ये काका खरे खुलतात. बूट काढून थेट पलंगावर आडवे होतात. टाचा बाहेर. टेप लावतात : साडेपाच फूट!

"पोरी, इथं झोपायचं कुणी?"

"काका, तो डिस्प्लेचा आहे."

"आणि दारं?"

दारं नसतातच. दारं लावली की खोली लहान दिसते, हे ती नोकरीला लागायच्या आधीपासून काकांना ठाऊक. मग कार्पेट किती, महारेराचा नंबर काय, पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं? कम्प्लीशन झाल्यावर घेतलं तर ५ टक्के जीएसटी लागत नाही, हेही ते तिलाच समजावतात. ती बिचारी कॉफी मागवते. काका दुसरीही घेतात.

बुकिंगचं विचाराल, तर धनुर्मासात कसला व्यवहार? संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली की १ फेब्रुवारीचं बजेट. ते झालं की १ एप्रिलचा रेडीरेकनर. तोवर ऊन तापतं, आणि उन्हाळ्यात घर बघणं सिद्धान्तात बसत नाही.

यंदा मात्र एक फ्लॅट सगळ्या परीक्षांना उतरला. किंमत ९० लाख. रात्री काका वही घेऊन बसले. मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, नोंदणीचे वर ३० हजार.

"कुठं काही वाचतंय का, बघतोय."

"माझ्या एकटीच्या नावावर घ्या की," मटार सोलता सोलता काकू म्हणाल्या. "बायकांना एक टक्का सूट आहे. नव्वद हजार वाचतील."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"त्या बाल्कनीत ऊन जरा कमीच येतं गं," ते म्हणाले. "पुढच्या थंडीत बघू."