गुळातून गुण

ज्यांचं नाव आमच्या सदाशिव पेठेला लाभलं, त्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेचे घोडे पानिपतावर चाऱ्यावाचून मेले. ती उणीव पुणेकर आता वरातीत भरून काढतात. जो तो वऱ्हाडी घोडीला गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारतो. साखर अंगावर येते, खुरांच्या आतला भाग सुजतो, घोडी पुढचे पाय ताणून अवघडून उभी राहते. (फोटो मात्र झकास येतो.) मग उपाय म्हणून बायोटिन, मॅग्नेशियम, क्रोमियमच्या भुकटीचा डबा. भुकटी खाईना, म्हणून गुळात कालवून! श्रीखंडावर मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पेठेला हे शास्त्र नवं नाही. पुढच्या मुहूर्तापासून आहेराच्या टेबलाशेजारी घोडीचं ग्लुकोमीटरही ठेवावं. पशुवैद्य मात्र म्हणतो, गूळ-दाणा बंद, सुकं गवत घाला. फी घेऊन वर डबाही देत नाही. असा डॉक्टर बदललेला बरा.