राजमान्य राजश्री क्षयजंतू यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री क्षयजंतू महाराज यांसी,
मुक्काम पोस्ट : फुप्फुसाचा वरचा मजला.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या उपकारांची पोच द्यायची फार दिवस राहून गेली आहे. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात आपण कधी ना कधी पाऊल टाकलं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागू दिलेला नाही. इतका संकोची पाहुणा आमच्या पाहण्यात दुसरा नाही. आमच्या देशावर तर आपला विशेष लोभ. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे सुमारे एक भारतातला. एवढा जिव्हाळा कशाने फेडावा?

सर्वप्रथम आपल्या धीराला वंदन. आतड्यातले साधे ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आपल्याला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. प्रयोगशाळेत अंड्याच्या हिरवट माध्यमावर आपल्याला वाढवायला ठेवलं, तर डोळ्यांना दिसेल अशी खरबरीत, पिवळसर वसाहत उठायला कित्येक आठवडे जातात. तोवर इकडे रुग्ण खोकत असतो, घरचे त्याला आल्याचा काढा देत असतात आणि औषधाच्या दुकानातून तिसरी बाटली आलेली असते. आपण काही घाई करत नाही. घाई करायला आम्ही आहोतच.

आपल्या पोशाखाचीही तारीफ करायला हवी. इतर जंतू साध्या कपड्यांत फिरतात. आपण मेणासारख्या स्निग्ध आम्लांचं जाड चिलखत घालून येता. आपलं दर्शन घ्यायचं तर तंत्रज्ञाला काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर द्यावा लागतो, त्यावर लाल रंग ओतावा लागतो आणि खालून ज्योत फिरवत वाफ निघेपर्यंत तापवावं लागतं, तेही उकळू न देता. मग वरून सल्फ्युरिक आम्ल. बाकी सगळ्यांचा रंग त्या आम्लात धुऊन जातो, आपला जात नाही. शेवटी निळा रंग दिला, की निळ्या पसाऱ्यात आपण लालगुलाबी काड्यांच्या रूपात प्रकट होता. कुठे एकटे, कुठे दोघे-तिघे. दोन-चार सहस्रांश मिलिमीटरची काडी, आणि तिच्यापायी एका घराची सगळी घडी विस्कटते.

आमच्या शरीराच्या शिपायांशी आपण ज्या सौजन्याने वागता, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. भक्षक पेशी आपल्याला गिळते. आतल्या आम्लाच्या पिशवीशी आपली गाठ घालून द्यावी आणि आपल्याला पचवून टाकावं, एवढंच तिचं काम. आपण ती गाठच पडू देत नाही. जिने गिळलं तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटता. मग शरीर नाइलाजाने आपल्याभोवती पेशींची भिंत उभारतं, आणि आपण त्या भिंतीआड वर्ष, दहा वर्षं, कधी त्याहून जास्त काळ स्वस्थ बसता. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. तो कधी होणार, याचं पंचांग आपल्यापाशी पक्कं असतं: मधुमेह जडला, एचआयव्हीची लागण झाली, दगडखाणीतली धूळ छातीत साचली, किंवा ताटातलं अन्न कमी पडलं, की आपला मुहूर्त लागला.

महाराष्ट्रावरच्या आपल्या जुन्या ऋणाची आठवण करून देतो. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये आपली ओळख जगाला करून दिली. पुढच्याच वर्षी कल्याणची एक मुलगी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन परतल्या, ते आपल्याला छातीत घेऊनच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्या गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कारण कोण हे जगाला ठाऊक झालं होतं, औषध मात्र कुणापाशीच नव्हतं. या प्रदेशातल्या किती बायकांचे किती आजार त्यांच्या हातून बरे व्हायचे होते! आपण त्या सगळ्यांचे कष्ट वाचवलेत. आभारी आहोत.

पुढे 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, 1952 मध्ये आयसोनियाझिड आलं, नंतर रिफॅम्पिसिन आलं. आता साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण आपल्या मेहेरबानीला तोड नाही. दोन महिन्यांत आपण खोकला थांबवता, ताप उतरवता, भूक परत देता. माणूस आरशात बघून म्हणतो, झालं की बरं! लघवी लाल करणाऱ्या, मळमळ आणणाऱ्या त्या गोळ्या आणखी चार महिने कशाला गिळायच्या? तिकडे ऊसतोडीला टोळी निघालेली असते, गवंड्याला दुसऱ्या शहरात काम लागलेलं असतं. गोळ्या सुटतात. सुस्तावलेले जे थोडे जंतू आपण मागे राखून ठेवलेले असतात, ते मग सावकाश उठतात. त्यांच्यातल्या काहींना औषधाशी दोन हात करायची युक्ती साधलेली असते.

आपल्याला एकट्याला श्रेय देणंही अन्याय होईल. साध्या खोकल्यावर थुंकी न तपासता हे ना ते प्रतिजैविक लिहून देणारे आहेत. 2024 मध्ये देशात काही महिने क्षयाच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला. रुग्ण दवाखान्याच्या पायऱ्या चढला आणि रिकाम्या हाताने उतरला. सहा महिने एकही दिवस चुकवू नका, असं ज्याला बजावलं, त्यालाच आम्ही चुकवायला लावलं. आपण भिंतीआडून हे सगळं ऐकलं असणारच.

आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन, ही दोन्ही बिनीची औषधं ज्यांच्यापुढे हरली, त्या आपल्या वारसांना आवरायला आम्ही वर्षानुवर्षं इंजेक्शनं टोचत आलो. त्या उपचारांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचे कान गेले. बेडाक्विलिन हे नवं औषध आलं, तर त्याच्या पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज पडला. ऐकू येणं गमावलेल्या या दोघींनी त्याला हरकत घेतली, आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. अशा बायका आपण घडवल्यात, एवढा एक उपकार आम्ही मनापासून मानतो.

घराघरातल्या बायकांवर तर तुमची माया वेगळीच. गर्भाशयाच्या नळ्यांत तुम्ही असे गुपचूप जाऊन बसता, की खोकला नाही, ताप नाही, काहीच नाही. मूल मात्र होत नाही. सासरी तिला वांझ म्हणतात, नवस बोलायला लावतात, दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. नळ्या तुम्ही बुजवलेल्या, बोल तिला. लग्नाच्या मुलीला गाठीचा टीबी झाला, की घरचे म्हणतात, कुणाला कळू देऊ नका. ती गोळ्यांची पाकिटं टिकल्यांच्या डबीखाली लपवते, पाहुणे आले की सकाळची गोळी राहते, आणि गळ्यावरची गाठ ओढणीने झाकते. ज्या आजारावर इलाज आहे, तो तिने चोरासारखा लपवायचा. लाज तुम्हाला वाटायला हवी होती, ती तुम्ही तिच्या पदरात टाकलीत. हा तुमचा सगळ्यात मोठा पराक्रम, आणि तो आम्ही तुम्हाला करू दिला.

आमच्या बांधकामाचं तुम्ही चीज केलंत, हेही नोंदवतो. तुम्हाला ऊन सोसत नाही, वाहता वारा सोसत नाही. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म थेंब कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहिले, तरच तुमचं भागतं. मग आम्ही मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या, की खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजताही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडावी तर समोर भिंत. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाच्या आधी तुमची सोय झाली.

2025 पर्यंत तुम्हाला देशातून हद्दपार करायचं, असा संकल्प आम्ही सोडला होता. फलक लागले, शपथा झाल्या. रुग्णांचं प्रमाण घटलं हे खरं, आणि त्यामागे दारोदार फिरणाऱ्या आशाताईंचे पाय आहेत. पण तुम्ही काही गेला नाहीत. 2023 या एका वर्षात जगभरातली साडेबारा लाख माणसं तुम्ही नेलीत. विमानतळावर ताप मोजणारी यंत्रं तुमच्यासाठी कुणी लावली नाहीत. जे मरतात ते गरीब असतात, सावकाश मरतात आणि आवाज न करता मरतात. बातमी व्हायला जी घाई लागते, ती तुमच्यात नाही.

आता एक बातमी आमच्याकडून. झारखंडमध्ये संशोधकांनी क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. रुग्णांनाही शिधा दिला होता. त्यांच्यापैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यू कमी झाले. म्हणजे तुमच्या त्या मेणाच्या चिलखताला भेदायला जे लागतं, त्यातलं निम्मं रेशनच्या दुकानात मिळतं. भरल्या पोटाच्या माणसाची भिंत तुम्हाला सहसा फोडता येत नाही, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. आमच्या अंदाजपत्रकांना ते अजून नीट कळायचं आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्याकडून घेण्यासारखा एकच गुण आहे, तो धीर, आणि तो आम्ही घ्यायचं ठरवलं आहे. दोन आठवडे खोकला राहिला, की काढा बाजूला ठेवून थुंकी तपासू. पहिल्या दिवसाच्या गोळीइतकीच एकशे ऐंशीव्या दिवसाची गोळी महत्त्वाची मानू. ती गोळी दवाखान्यात शिल्लक आहे की नाही, हे ज्याने बघायचं त्याला रोज विचारू. रुग्णाला सरकारकडून मिळणारे महिन्याचे हजार रुपये त्याच्या खात्यात वेळेवर पडले का, हेही विचारू. मुलीने सगळ्यांसमोर गोळी घ्यावी आणि कुणी मान फिरवू नये, एवढं आमच्या घरात तरी करू. इमारतीचा नकाशा मंजूर होताना त्यात ऊन कुठून येतं, ते विचारू. यातलं एकही काम एका दिवसात होणारं नाही. तुम्ही शतकानुशतकं वाट पाहिलीत, तेव्हा चिकाटीला काय फळ येतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

कळावे. लोभ आहे, तो आटावा ही विनंती.

आपल्या चिरमुक्कामाला कंटाळलेला,
एक यजमान