फक्त लिहायची बाकी आहे

राजेगावचे गुरुजी कादंबरी लिहिणार आहेत, ही गोष्ट वाघ नदीच्या पुलाच्या दोन्ही अंगांना ठाऊक आहे. पुलाच्या त्या अंगाला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, या अंगाला आमचा गोंदिया. सरकारं दोन, पण गुरुजींच्या कादंबरीची चौकशी दोन्हीकडे सारख्याच आपुलकीनं होते. बसचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारतो, "काय गुरुजी, झाली का?" आषाढात आमच्याकडे 'झाली का' हा प्रश्न रोवणीबद्दल असतो, कार्तिकात धानकापणीबद्दल. गुरुजींना तो बारा महिने असतो. आणि गुरुजी खिशातला पेन उगाच चाचपून बारा महिने एकच उत्तर देतात, "सगळी तयार आहे जी. फक्त लिहायची बाकी आहे."

कवी आपल्याकडे गल्लीला चार सापडतात, कारण कविता लिहून होते. होणारा कादंबरीकार तालुक्याला एखादाच. कादंबरीकार व्हायला दोन-पाच वर्षं पुरत असतील. होणारा कादंबरीकार म्हणून टिकून राहायला मात्र हयात घालवावी लागते, आणि ती गुरुजींनी घालवली आहे. नोकरीत होते तेव्हा म्हणत, "रिटायर झालो की बसतो." रिटायर झाले. आता म्हणतात, "नोकरीत होतो तेव्हा कसं भराभर सुचायचं जी! रोज नवी माणसं भेटायची."

त्यांच्या घरी सपरीतून आत गेलं की डाव्या हाताला धानाची ढोली आणि उजव्या हाताला पुस्तकांची लोखंडी आलमारी. ढोली दरसाल भरते आणि दरसाल उपसली जाते. आलमारीत फक्त आवक. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला साहित्य संमेलन झालं, तेव्हा गुरुजी थैली घेऊन गेले आणि पोतं घेऊन आले. परिसंवाद एकही ऐकला नाही, कारण पोत्यापाशी कोणाला बसवणार? आलमारीत डांबराच्या गोळ्या आहेत, कडुलिंबाचा पाला आहे, तरी उधई लागतेच. विश्वास पाटलांचं 'पानिपत' गुरुजींच्या आधी उधईनं संपवत आणलं होतं.

यातलं कोणतंही पुस्तक उघडा, पहिल्या पंधरा-सतरा पानांवर लाल शाईच्या खुणा दिसतील. शाळेची सवय. गुरुजी छापील लेखकाचं शुद्धलेखन तपासतात, समासात 'वाक्य लांबले' असा शेरा मारतात, एका नामवंताला तर त्यांनी दहापैकी सहा गुण दिले आहेत. सतराव्या पानानंतर कागद कोराकरकरीत. तिथे खूण म्हणून काहीतरी खोचलेलं असतं: बसचं तिकीट, युरियाची पावती. 'हिंदू'मध्ये एका भाचीची लग्नपत्रिका आहे. त्या भाचीची मुलगी आता शाळेत जाते.

पुढे का वाचत नाही, याचं कारण त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. "प्रभाव पडते." म्हणजे नेमाडे वाचले की हातून नेमाडेच लिहिले जाणार. मग विकत कशाला घेता? "बाहेर असले की त्रास होते. घरात बंद असले की बरं."

पण नेमाड्यांचा आणि गुरुजींचा संबंध एवढ्यावर संपत नाही. तरुणपणी त्यांचा सगळा भरवसा 'कोसला'वर होता. नेमाड्यांची ती कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. म्हणजे आपणही पंचविशीत आणू, असा सरळ हिशेब. पंचविशी गेली. चाळिशीही गेली, तसा गुरुजींचा जीव कासावीस व्हायला लागला. मग २०१० साली 'हिंदू' आली, लेखकाचं वय बहात्तर. त्या दिवशी गुरुजींनी गोंदियाहून पेढे आणून वाटले. "म्हणजे लय वेळ आहे!"

विषय मात्र त्यांच्याकडे उदंड. विमा कंपनीच्या जुन्या डायऱ्या त्यासाठी राखून ठेवल्या आहेत. मी त्यातली एक चाळली. १४ मार्चच्या पानावर होतं, 'म्हातारा. पूल. चिठ्ठी कोणाची??' हा म्हातारा कोण, हे आता गुरुजींनाही आठवत नाही, पण विषय जबरदस्त होता याची त्यांना खात्री आहे. पुढे एका पानावर 'बैल बोलतो', आणि त्याखाली वेगळ्या शाईत, 'नाही बोलत.' एका पानावर नुसता शेवटच लिहिलेला: 'सगळे रडतात (वाचकही).'

विषय चोरीला जाण्याची गुरुजींना मोठी धास्ती. पुण्याकडचा एखादा लेखक सगळं ऐकून आपल्या नावावर छापील, असं त्यांना वाटतं. म्हणून नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर ते आपली कथानकं अगदी हळू आवाजात सांगतात. हळू बोलतात म्हणून सगळी टपरी कान देऊन ऐकते. रायपूरकडे जाणारा ट्रकवालाही बाकड्यावर सरकून बसतो.

आणि खोटं कशाला बोला, गुरुजी सांगतात झकास. त्यांच्या मोठ्या कादंबरीचं कथानक मी स्वतः ऐकलं आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाट काय आणि गोंदिया काय, एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. कॉलेज नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला, हायकोर्टही नागपूरला. गुरुजींचा नायक राजेगावचा, त्याची बांधी नदीच्या पलीकडे, आणि शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण. धुऱ्याचं भांडण म्हटल्यावर ते हायकोर्टापर्यंत जाणारच. १ नोव्हेंबरला सकाळी उठून नायक तोंड धुतो, तर राजधानी भोपाळ झालेली आणि हायकोर्ट जबलपूरला गेलेलं. धुरा मुंबई राज्यात, आरोपी मुंबई राज्यात, फिर्यादी मध्य प्रदेशात, आणि वकील नागपुरात फी घेऊन बसलेला. नायक फाइल शोधायला निघतो. गाडी, बैलगाडी, पायी. प्रत्येक कचेरीत त्याला विचारतात, "तुमचं राज्य कोणतं?" तो सांगतो, "मी घरातून हललो नाही जी, राज्यच निघून गेलं."

इथे गुरुजी थांबतात आणि चहाचा घोट घेतात. ट्रकवाल्याचा चहा गार झालेला असतो. "फिर?" तो विचारतो. "फिर रिसर्च चल रहा है," गुरुजी सांगतात.

माझं मत विचाराल तर गुरुजींची कादंबरी या टपरीनं खाल्ली. लेखकाला जे पुस्तक छापून, विकून, वर्षभर वाट पाहून मिळतं, ती मान डोलावणारी माणसं आणि तो 'वा!', हे गुरुजींना कट चहाच्या पैशांत हातोहात मिळतं. मग रात्री कागदावर बसायची भूक कुठून लागावी? पोट भरलेलं असतं.

एकदा तर कमालच झाली. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार चालते. एका मंडळानं गुरुजींकडे नाटक मागितलं. गुरुजी म्हणाले, "आधी कादंबरी होऊ द्या." मंडळाला मंडई गाठायची होती. त्यांनी टपरीवर ऐकलेली धुऱ्याची गोष्ट उचलली, त्यात एक लाडीक नाच आणि एक बहिरा हवालदार घातला आणि उभी केली. गुरुजी पहिल्या रांगेत, मफलर गुंडाळून. फाइल जबलपूरच्या गाडीत राहून जाते त्या प्रवेशाला त्यांनी डोळे पुसले. पहाटे परतताना म्हणाले, "विषय चांगला आहे. बांधणी कच्ची आहे."

लिहायला न बसण्याचं एक कारण मात्र खरोखरीचं आहे आणि त्यावर हसवत नाही. कादंबरी कोणत्या भाषेत लिहायची? गुरुजी घरात मराठी बोलतात. जन्मभर हिंदीत शिकले आणि हिंदीतच शिकवलं. बांधीतल्या मजुरांशी पोवारी बोलतात. मुक्तिबोधांचं उदाहरण ते नेहमी देतात. घर मराठी, थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले, राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले, धाकटे शरच्चंद्र नागपुरात मराठीत लिहीत राहिले. भावाभावांनी भाषा वाटून घेतल्या. "मी एकुलता एक पडलो जी," गुरुजी म्हणतात. विनोदकुमार शुक्लांना ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा ते काही दिवस पक्के हिंदीकडे झुकले होते, कारण शुक्ल राजनांदगावचे, म्हणजे आमच्याच हावडा लाइनीवरचे. पण घरात आलमारी मराठीची. पुन्हा तोल गेला.

ती आलमारी वाचते कोण, हे मला उशिरा कळलं. वहिनींचं माहेर आमगावकडचं, शिक्षण मराठी शाळेत. दुपारी भांडी आवरली की बाजेवर आडव्या होतात, चष्मा लावतात आणि गुरुजींनी सतराव्या पानावर सोडलेलं पुस्तक शेवटापर्यंत नेतात. साहित्याचा म्हणून कसलाही आव नाही. 'ययाती'बद्दल विचारलं तर म्हणाल्या, "म्हाताऱ्याले म्हातारपण नको होतं, पोराच्या गळ्यात मारलं. आपल्या गावात तसे चार आहेत."

गुरुजींचा खरा समीक्षक हा. एका संध्याकाळी गुरुजी नवा विषय घेऊन आले: तरुण मास्तर, लांबचं आडवळणी गाव, पहिली नेमणूक, हळूहळू गाव त्याचं होतं. वहिनी पीठ मळत म्हणाल्या, "बनगरवाडी. माडगूळकरांची. वरून दुसरा खण." महाभारत कर्णाच्या तोंडून सांगितलं तर? "मृत्युंजय." धरणात गाव जाते, लोक रस्त्यावर येतात. "झाडाझडती. त्याले अकादमीचं बक्षीसही भेटलं." गुरुजी चिडले. निदान धुऱ्याच्या कादंबरीचं नाव तरी त्यांनी आधीच पक्कं केलं होतं: 'सरहद्द'. वहिनींनी हात धुतले, आलमारी उघडली आणि शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'सरहद्द' त्यांच्या पुढ्यात ठेवली. सतराव्या पानावर वीजबिल होतं.

अशा वेळी गुरुजी भवभूतीचा आसरा घेतात. भवभूतीचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मिराशींनी दाखवून दिलं, तेव्हापासून आठव्या शतकातला हा नाटककार गुरुजींच्या सासरवाडीचा पाहुणा झाला आहे. त्यालाही हयातीत रसिक भेटला नाही. आपल्या जातीचा वाचक कधीतरी, कुठेतरी जन्माला येईल या भरवशावर तो राहिला. गुरुजी हे सांगताना आवाज जड करतात. वहिनी म्हणाल्या, "पण ते तक्रार त्यानं 'मालतीमाधव'च्या सुरुवातीलेच घातली ना जी? म्हणजे तक्रार कराले तरी नाटक लिहाले बसला."

यानंतर गुरुजी खरंच लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं. ते मी पाहिलं आहे, कारण बालाघाटला जाता येता ते सगळ्यांनाच दाखवण्यात येई. 'श्रावणातल्या एका कुंद, ओल्या, उदास संध्याकाळी गढूळ, फुगलेली, पुरातन वाघ नदी दोन अनोळखी राज्यांच्या मधून संथ आणि निर्विकारपणे वाहत होती.' फुगलेली नदी संथ कशी, हे मी विचारलं नाही. पाहुण्यानं विचारू नये. वर्षभरात त्यात 'मूक' आला, गेला, 'धीरगंभीर' आला. श्रावणाचा भाद्रपद झाला. दुसऱ्या वाक्याचा प्रश्नच नव्हता.

मग एकदा गुरुजींना वाटलं, हाच विषय आहे! जो माणूस कादंबरीच्या पहिल्या वाक्यात अडकला आहे त्याचीच कादंबरी. जगात कोणाला सुचलं नसेल. त्यांनी वहिनींना हाक मारली.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "फ्रेंच आहे. प्लेगची."

२०२० साली पुलावर कठडे लागले होते, इकडचा माणूस तिकडे जाऊ शकत नव्हता, तेव्हा साथीचं पुस्तक म्हणून गुरुजींनी काम्यूची 'प्लेग' मागवली होती. १९४७ सालची. गुरुजींनी तिच्यातले उंदीर मरेपर्यंत वाचलं. त्यात जोसेफ ग्रांद नावाचा नगरपालिकेचा कारकून आहे. घोड्यावर बसून जाणाऱ्या बाईबद्दलचं एकच वाक्य तो जन्मभर घासत बसतो. वहिनींना तो फार आवडला होता. "बिचारा आहे. आपल्यासारखाच."

"मग शेवटी त्याचं काय होते?" गुरुजींनी विचारलं.

"आजारी पडते, सगळं जाळाले सांगते. बरा झाला की पुन्हा लिहाले लागते. मंग सांगते, यंदा सगळे विशेषणं काढून टाकले."

गुरुजी रात्रभर जागले. लाल पेन काढला. 'कुंद' गेलं, 'ओल्या' गेलं, 'पुरातन'ला फार जीवावर आलं, तेही गेलं. श्रावणही कशाला? राज्यं तरी कशाला? मी सकाळी चिन्नोर तांदूळ न्यायला गेलो तर गुरुजी डोळे लाल करून सपरीत बसलेले. समोर कागद, त्यावर तीन शब्द: 'नदी वाहत होती.'

मला ते वाक्य आवडलं, तसं मी बोललोही. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वाकडी करून कागद वाचला.

"मे महिन्यात कुठं वाहते जी? डबक्याडबक्यानं तर पाणी राहते."

गुरुजी काही क्षण तसेच बसले. मग त्यांनी विम्याची डायरी ओढली, नवं पान उघडलं आणि लिहिलं, 'वाळलेली नदी. नायिका नदीच. खंड तीन.'

"तीन?" मी विचारलं.

"कमीत कमी," गुरुजी म्हणाले.