भाव विचारू नका, ॲप उतरवा

वाशीमहून हिंगोलीकडे निघालं की कनेरगाव नाका लागतो. नाक्यावर वडापावचा भाव पाटीवर असतो, पेट्रोलचा पंपाच्या फलकावर. विजेवरच्या गाडीचा थाट मात्र निराळा. चार्जिंगचा भाव कळायला आधी ॲप उतरवा, ओटीपी टाका, वॉलेटमध्ये पैसे भरा. रेंज आलीच तर दर दिसेल. पुढच्या गावी कंपनी दुसरी, म्हणजे वॉलेटही दुसरं. सुटे पैसे तिथेच अडकलेले.

सरकार मायाळू आहे. गाडीवर जीएसटी ५ टक्के, घरच्या विजेवर शून्य. तीच वीज रस्त्याकडेच्या चार्जरमधून गाडीत शिरली की ती ‘सेवा’ होते आणि १८ टक्के लागतात. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, चार्जिंग केंद्राला सकाळी नऊ ते दुपारी चार वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पटीने द्या, एरवी १.३ पटीने. म्हणजे सात तास स्वस्त, सतरा तास महाग.

आता मे महिन्यात भर दुपारी डांबर वितळत असताना गाडी लावून तासभर उभं राहा. सवलत केंद्राला, घाम गिऱ्हाइकाला.